वॉलनट हवा होता, सीडर लावला: डेक स्टेनचा दोन पावसाळ्यांनंतरचा रिव्ह्यू

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी आधी निकाल. ऑइल-बेस्ड, सेमी-ट्रान्स्परंट (अर्धपारदर्शक) डेक स्टेन, म्हणजे घराबाहेरच्या लाकडी फळ्यांच्या ओट्याला लावायचा, लाकडात मुरणारा रंग, शेड सीडर. स्टेनला पाचपैकी चार, सीडर शेडला साडेचार, आणि त्या शेडकार्डाला शून्य, खरंतर मायनसमध्ये द्यायची सोय असती तर तेही दिलं असतं. बाकीचं ज्यांना वेळ आहे त्यांनी वाचा, कारण डेकला रंग लावायचा म्हणजे काय, डबा आणायचा आणि ब्रश फिरवायचा असं मलाही वाटत होतं.

तर झालं असं की आमचा डेक पाइनचा, साधारण 20 चौरस मीटर, लाकूड ट्रीट केलेलं (कीड आणि कूज लागू नये म्हणून), आणि आधीच्या मालकांनी त्याला काय लावलं होतं देव जाणे पण आम्ही आलो तेव्हा तो पार करडा पडला होता. जुन्या बाकासारखा, रेशे वर आलेले, अनवाणी चाललं की कुसळ लागणार म्हणजे लागणारच. ते करडेपण घाण नसते हे मला तेव्हा माहीत नव्हतं. उन्हातल्या अल्ट्राव्हायोलेट किरणांनी लाकडातलं लिग्निन, म्हणजे रेश्यांना धरून ठेवणारा घटक, तुटतो, पावसाने तो धुऊन जातो आणि वर जो उरतो तो फिकट करडा थर. म्हणजे मेलेला थर. त्याच्यावर काहीही लावा, ते त्या मेलेल्या थरालाच चिकटणार आणि त्याच्यासकट निघून जाणार. हे वाक्य मला दुकानात कोणीतरी आधी सांगायला हवं होतं, पुढचा निम्मा वैताग वाचला असता.

नवऱ्याला वॉलनट हवा होता. गडद, जवळजवळ कॉफी रंगाचा, कारण कुठल्यातरी फोटोत त्याने पाहिला होता आणि त्या फोटोत बाजूला एक माणूस पाय पसरून आरामात बसलेला होता (त्या माणसाच्या पायात बूट होते, हे माझ्या खूप नंतर लक्षात आलं). मला करडा हवा होता, तो समुद्रकाठच्या वाळलेल्या लाकडासारखा. आणि सासूबाईंचं म्हणणं, रंग कुठलाही लावा पण सकाळी मी अनवाणी फिरते ते मला फिरता आलं पाहिजे आणि घसरायला नको. आम्ही दोघांनी मान डोलावली आणि तिकडे अर्थातच दुर्लक्ष केलं.

दुकानात शेडकार्ड समोर धरलं. दोन बोटं रुंदीचे चौकोन, वरती पांढरी ट्यूब. काउंटरवरचा माणूस म्हणाला की कार्डावर दिसतो तोच येतो. आता सेमी-ट्रान्स्परंटचा अर्थच असा की त्यातून लाकूड दिसणार, म्हणजे जो रंग दिसणार तो अर्धा डब्याचा आणि अर्धा तुमच्या फळीचा, मग कार्डावर दिसतो तोच कसा येईल? पण त्या वेळी एवढं डोकं चाललं नाही. एकच गोष्ट शहाणपणाची केली, मोठे डबे न घेता तीन शेडचे छोटे डबे घेतले: वॉलनट, सीडर आणि करडा. हा माझा पहिला सल्ला, छोटे डबे मिळत असतील तर कंजुषी करू नका, मिळत नसतील तर सर्वात लहान पॅक घ्या. संपूर्ण डेक सँडिंग करून परत रंगवायला जे कष्ट पडतात त्याच्यापुढे हे काहीच नाही.

घरी येऊन उत्साहात तिन्ही रंग डेकच्या कोपऱ्यात लावले. न धुता, न घासता, तसेच करड्या फळ्यांवर. तिन्ही चिखलासारखे दिसले. वॉलनट म्हणजे डांबर, सीडर म्हणजे मळकट विटकरी, आणि करडा तर लावलाय की नाही तेच कळेना. मी लगेच फोन करून दुकानाला चार शब्द सुनावले (आता थोडी लाज वाटते, पण थोडीच, कारण त्यांनीही विचारलं नव्हतं की लाकूड धुतलंय का).

मग रीतसर केलं. ऑक्सिजनवाला डेक क्लीनर, म्हणजे सोडियम परकार्बोनेट, पाण्यात कालवून ओतायचा, पंधरा-वीस मिनिटं ओला ठेवायचा, ताठ ब्रशने रेश्यांच्या दिशेने घासायचा, धुवायचा. त्यानंतर ब्राइटनर, म्हणजे ऑक्झॅलिक ॲसिड, हातमोजे आणि चष्मा घालून, आणि झाडांच्या कुंड्या लांब ठेवून. आणि इथे खरंच जादू झाल्यासारखं वाटलं, मेलेल्या उंदरासारख्या रंगातून पिवळसर, मधाळ लाकूड वर आलं. प्रेशर वॉशर वापरायचा मोह होतो पण जपून, जवळून मारला तर लाकूड पिंजल्यासारखं होतं, माझ्याकडे तीन फळ्या पुरावा म्हणून आहेत. मग दोन-तीन दिवस कडक वाळवण, मग 80 नंबरचा पॉलिश पेपर. जास्त बारीक पेपर मारू नका, फळी हाताला गुळगुळीत लागते आणि आपण खूश होतो, पण लाकडाची भोकं बंद होतात आणि स्टेन आत जातच नाही, वरच बसून राहतो.

लाकूड स्टेन प्यायला तयार आहे का ते बघायला पाण्याचे थेंब टाकून बघायचे. लगेच मुरले तर लाकूड तयार, मोत्यासारखे वर बसून राहिले तर जुना थर अजून शिल्लक आहे. ओलावा मोजायचं मीटर असेल तर 15 टक्क्यांच्या खाली हवा. आणि हो, ही ओली फळी नीट बघून ठेवा, कारण साधं बिनरंगी तेल लावल्यावर लाकूड जवळपास तसंच दिसतं. फुकटचं सॅम्पल.

आता परत तेच तीन रंग. या वेळी हातभर लांबीचे पट्टे, प्रत्येक फळीवर दोन हात, आणि मग चार दिवस काही करायचं नाही, फक्त बघायचं. सकाळी बघायचं, भर दुपारी, संध्याकाळी दिवे लागल्यावर, आणि एकदा मुद्दाम बादलीभर पाणी ओतून. हे चार दिवस या अख्ख्या प्रकरणातले सर्वात कामाचे दिवस होते, म्हणून यावरच जास्त लिहिते.

करड्याचं आधी सांगते कारण माझा लाडका तोच होता. कार्डावर शांत, समुद्री. पाइनवर हिरवट! कारण पाइन मुळात पिवळं, त्यावर निळसर झाक असलेला पारदर्शक करडा टाकला की पिवळा अधिक निळा, शाळेतलं गणित. शिवाय ट्रीट केलेल्या पाइनमध्ये तांब्याची द्रव्यं असतात आणि त्याची थोडी हिरवी झाक नव्या लाकडात असतेच, आमचं जुनं होतं तरी घासल्यावर कुठे कुठे डोकावत होती. त्यात आमच्या भिंतीचा रंग क्रीम, म्हणजे पिवळसर, त्याच्या शेजारी तो करडा आणखीनच थंड दिसायचा, संध्याकाळी तर चक्क जांभळट. शेजारी काय आहे त्यावर रंग बदलतो हे ऐकून होते, पण आपल्याच भिंतीने आपल्यालाच असं फसवावं? करडा हवाच असेल तर सॉलिड स्टेनमध्ये घ्या, जो लाकूड झाकून टाकतो, किंवा उबदार करडा घ्या ज्यात थोडा तपकिरी आहे. निळा करडा आणि पिवळं लाकूड हे लग्न टिकत नाही.

वॉलनट सुंदर दिसला. खोटं कशाला बोलू, सकाळी आठ वाजता तिन्हींमध्ये तोच देखणा होता, नवरा छाती फुगवून फिरत होता. दुपारी दीड वाजता सासूबाई बाहेर आल्या, सीडरच्या पट्ट्यावर पाय ठेवला, ठीक, वॉलनटवर ठेवला आणि "अगं बाई, तवा आहे की काय हा!" म्हणून टुणकन उडी मारून आत. मी स्वतः ठेवून बघितला, पाच आकडे मोजता आले नाहीत. एकच लाकूड, एकच ऊन, हातभर अंतर. रंगाच्या माहितीपत्रकात एलआरव्ही म्हणून एक आकडा असतो, रंग किती प्रकाश परत फेकतो त्याचा, 0 म्हणजे सगळा प्रकाश गिळणारा काळा आणि 100 म्हणजे सगळा परत फेकणारा पांढरा. डेकसाठी तो विचारून घ्या, सेमी-ट्रान्स्परंटला बऱ्याचदा देत नाहीत पण सॉलिडला देतात. मात्र तो आकडा फक्त डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाचा आहे, आणि उन्हाच्या उष्णतेतला साधारण निम्मा भाग न दिसणाऱ्या इन्फ्रारेडमधून येतो, त्यामुळे आकड्यापेक्षा पायाचा तळवा जास्त खरा. पट्टा लावा, भर दुपारी अनवाणी उभे राहा, निकाल लागतो.

नवरा तरी म्हणाला चप्पल घालू की. म्हटलं, आणि कुत्र्याला पण घालणार का?

दुसरी गोष्ट धूळ. गडद रंगावर धूळ लपते असा सगळ्यांचा समज असतो, माझाही होता. उलट आहे. वॉलनटच्या पट्ट्यावर दोन दिवसांत प्रत्येक पाऊल, पाण्याचे वाळलेले पांढरे गोल, कुत्र्याचे केस, सगळं उठून दिसत होतं. फिक्यावर चिखल आणि ओल्या पानांचे तपकिरी डाग दिसतात. मधल्या शेडवर दोन्ही माफ. गाडीच्या रंगाचं जे आहे तेच इथे.

सीडर आमच्यापैकी कोणाचाच पहिला चॉइस नव्हता. थोडा लालसर, थोडा मधाच्या रंगाचा, कार्डावर तर मला तो फारच सरकारी ऑफिसातल्या दरवाजासारखा वाटला होता. पण फळीवर तो लाकडाच्या बाजूने बोलत होता, म्हणजे पाइनचा जो मूळ पिवळेपणा आहे त्याच्याशी भांडत नव्हता, रेषा दिसत होत्या, क्रीम भिंतीला चालत होता, संध्याकाळच्या पिवळ्या दिव्यात छान उबदार. ओला झाला की थोडा गडद, वाळला की परत जागेवर. चौथ्या दिवशी मत घ्यायची गरजच पडली नाही, सगळे आपोआप त्याच पट्ट्याकडे बघून बोलत होते. नवरा सोडून, पण तोही गप्प होता, म्हणजे झालंच.

पारदर्शकतेबद्दल दोन ओळी, कारण लोक शेडवर भांडतात आणि हे विसरतात. रंगद्रव्य हेच उन्हापासूनचं संरक्षण असतं. अगदी बिनरंगी घेतलं तर लाकूड वर्षभरात परत करडं व्हायला लागतं. सेमी-ट्रान्स्परंट साधारण दोन-तीन वर्षं, सॉलिड त्याहून थोडं जास्त. मग सॉलिडच का नाही? कारण तो वर थर धरतो, आणि थर धरला की कधीतरी पोपडे येणार, आणि पोपडे आले की सगळं खरवडायचं. सेमी-ट्रान्स्परंट फिका पडतो, पोपडे धरत नाही, त्यामुळे धुऊन परत एक हात मारला की काम होतं. शिवाय सॉलिडवरून सेमी-ट्रान्स्परंटवर परत यायचं म्हणजे अख्खा डेक तासायचा, उलटा प्रवास मात्र कधीही करता येतो. म्हणून पहिल्यांदा लावताय तर पारदर्शकतेकडून सुरुवात करा.

भावाकडे कंपोझिट डेक आहे, प्लॅस्टिक आणि लाकडाचा भुसा मिळून केलेला, त्याला रंगवायची कटकट नाही म्हणून तो मला हसत होता. बरोबर आहे त्याचं. पण त्याने चॉकलेटी घेतलाय, आणि कंपोझिट गडद असेल तर उन्हात लाकडापेक्षाही वाईट तापतो, दुपारी त्याची मुलं डेकवरून पळत पळत हिरवळीवर उड्या मारतात. आणि एकदा घेतला की तो रंग तोच, पहिल्या काही महिन्यांत जो थोडा फिका पडेल तेवढाच बदल. माझा चुकला तर मी घासू शकते, त्याने काय करायचं?

आता स्टेन लावतानाचा अनुभव, इथेच तो एक मार्क कापलाय. डब्यावर लिहिलं होतं लिटरला 8 चौरस मीटर. आमच्या जुन्या तहानलेल्या लाकडाने पहिल्या हाताला 4 लिटर प्यायलं, म्हणजे लिटरला 5 चौरस मीटर. फळ्यांची टोकं तर स्ट्रॉने ओढल्यासारखं पितात. त्यामुळे मध्येच डबा संपला, दुसरा आणला, तीच कंपनी, तीच शेड, आणि तो थोडा जास्त लाल! वाळल्यावर कळलं. ऐन मध्यात एक सीमारेषा, नकाशावर असते तशी. नंतर एका ओळखीच्या रंगाऱ्याने सांगितलं की ताई, सगळे डबे आधी एका बादलीत ओतून एकत्र ढवळायचे असतात, मग सुरुवात करायची, आणि रंगद्रव्य तळाशी बसतं म्हणून काम चालू असतानाही अधूनमधून ढवळत राहायचं. हे डब्यावर ठळक लिहायला काय होतं? तिथे झाडांच्या आणि जनावरांच्या चित्रांनी अर्धा डबा भरलाय. दुसऱ्या हाताने फरक बराच झाकला गेला, उरलेल्या ठिकाणी आता एक मोठी कुंडी आहे, पाहुणे कुंडीचं कौतुक करतात.

आणखी चुका पटापट: उन्हात लावू नका, ब्रश पुढे जाईपर्यंत मागचं वाळतं आणि पट्टे उमटतात, एका वेळी दोन-तीन फळ्या टोकापासून टोकापर्यंत संपवा, मध्ये थांबू नका, फोन आला तरी घेऊ नका (मी घेतला, तिसरी फळी, बघायला या). जास्तीचं पंधरा-वीस मिनिटांनी फडक्याने पुसा, नाहीतर ते मुरत नाही आणि चिकट चकचकीत डबकी वाळतात, आमच्या एका पायरीवर आठवडाभर चप्पल चिकटत होती. आणि ती तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात फेकू नका. जवसाच्या तेलासारखी वाळणारी तेलं वाळताना उष्णता सोडतात, बोळा करून ठेवलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. पसरून मोकळ्या हवेत वाळवा किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावा. हे मात्र डब्यावर लिहिलेलं आहे, त्याबद्दल त्यांचे आभार.

पायऱ्यांचं एक राहिलं. सगळं एकाच सीडरमध्ये रंगवलं आणि तिसऱ्याच संध्याकाळी सासूबाईंची शेवटची पायरी चुकली, पडल्या नाहीत, कठडा धरला म्हणून. पायऱ्यांच्या कडा दिसतच नव्हत्या, सगळं एकसारखं. मग प्रत्येक पायरीच्या कडेला दोन इंचाची गडद पट्टी ओढली, उरलेला वॉलनट वापरून. दिसायला पण बरी दिसते आणि अंधारात पाय चुकत नाही. घरात वयस्कर कोणी असेल तर रंग निवडतानाच दोन शेड धरा.

दोन पावसाळ्यांनंतरची परिस्थिती: सावलीतला भाग जवळपास पहिल्यासारखा. उन्हाच्या बाजूला सीडरचा लालपणा उतरून तो फिकट मधासारखा झालाय, पण करडा कुठेच पडला नाही, आणि खरं सांगायचं तर हा उतरलेला रंग मला नव्यापेक्षा आवडतो. या शेडमधला तपकिरी-लाल म्हणजे लोखंडाचं ऑक्साइड, मातीतलं रंगद्रव्य, ते उन्हात सहसा हार मानत नाही. जिथे जास्त वावर आहे, दारापासून पायऱ्यांपर्यंत, तिथे मात्र झिजलाय, पाण्याचा थेंब आता मुरायला लागलाय, म्हणजे तिथे धुऊन एक हात द्यायची वेळ आली. पोपडे शून्य. लोखंडी खुर्चीच्या पायाखाली दोन काळे ठिपके पडलेत, लाकडातलं टॅनिन आणि लोखंड ओलाव्यात भेटले की असे डाग येतात, ऑक्झॅलिक ॲसिडने जातील, पण खुर्चीला रबरी बुटं आधी घालायला हवी होती. शेवाळ सावलीच्या कोपऱ्यात येतंच, त्याचा रंगाशी संबंध नाही, ब्रशने घासायचं.

घ्यावा का? पाइन किंवा तसलं पिवळसर लाकूड असेल, अनवाणी वावर असेल आणि दर दोन-तीन वर्षांनी एक सुट्टी डेकवर घालवायची तयारी असेल तर जरूर घ्या, मोजमापापेक्षा दीडपट घ्या आणि सगळं एका बादलीत ढवळून घ्या. आरशासारखा एकसंध रंग हवा असेल तर हा तुमच्यासाठी नाही.

वॉलनटचा अजून पाव डबा शिल्लक होता. नवऱ्याने तो भिंतीच्या कडेच्या बाकाला लावला, जो दिवसभर सावलीत असतो. फारच देखणा झालाय. दुपारी घरातले सगळे त्याच बाकावर जागेसाठी भांडतात, आणि तो काही न बोलता नुसता बघत असतो माझ्याकडे.